सुविचाराच्या आधीची गोष्ट

पत्र, थोडक्यात:

"मी ७४ वर्षांचा निवृत्त शिक्षक. पुण्यातल्या एका शाळेत मराठी शिकवलं. शाळेच्या दर्शनी फळ्यावरचा सुविचार रोज सकाळी मीच लिहीत असे. आता तोच नेम घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चालू आहे. चार महिन्यांपूर्वी माझ्या मुलाची हिंजवडीतली नोकरी कपातीत गेली. त्याचं वय ४३, फ्लॅटचा हप्ता चालू, मुलगी आठवीत. बातमी कळली त्याच संध्याकाळी मी त्याला 'जे झालं ते चांगल्यासाठीच झालं' हे गीतासार पाठवलं. पुढे एका मुलाखतीतून नकार आला, तेव्हा 'प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे' पाठवलं. त्यावर तो म्हणाला, 'बाबा, मला कृपा करून सुविचार पाठवू नका,' आणि ग्रुपमधून बाहेर पडला. आम्ही एकाच घरात राहतो, पण बोलणं 'जेवलात का' एवढ्यापुरतं उरलंय. मला दुःख कळत नाही असं नाही, पानशेतच्या पुरात आमचं नारायण पेठेतलं घर गेलेलं मी पाहिलंय. चांगल्या विचारांच्या आधारानेच आयुष्य काढलं. ते विचार चुकीचे कसे? त्याच्याशी आता काय बोलू? नातीला वर्गाच्या फळ्यासाठी सुविचार हवा असतो, तिला तरी देऊ का?
– एक वडील, कर्वेनगर"

नमस्कार काका,

आधी तुमच्या मनातली भीती दूर करते. तुमचे विचार चुकीचे नाहीत आणि तुमच्या मुलाला तुम्ही नकोसे झालेले नाहीत. ज्याला बाप नकोसा होतो तो 'कृपा करून' म्हणत नाही, गुपचूप ग्रुप म्यूट करून टाकतो. तुमच्या मुलाने तुम्हाला तोंडावर सांगितलं, म्हणजे तुमच्याकडून त्याला अजून काहीतरी हवं आहे. ते काय असावं, याचा अंदाज मला तुमच्याच पत्रातल्या पानशेतच्या वाक्यावरून आला. त्याकडे येते, पण वाटेत तुम्ही पाठवलेल्या दोन सुविचारांपाशी थांबायला हवं. तुम्ही मराठीचे शिक्षक आहात, तुमच्याशी हे मोकळेपणाने बोलता येईल.

पहिलं ते गीतासार. दुकानांत, दवाखान्यांत, कॅलेंडरांवर ते छापलेलं असतं, म्हणून आपण ते गीतेतलंच धरून चालतो. पण गीतेच्या ७०० श्लोकांत 'जे झालं ते चांगलं झालं' असं सांगणारा एकही श्लोक नाही. कुणीतरी नंतर केलेला तो गोळाबेरीज मजकूर आहे. नुसतं एवढंच असतं तर मी ते पत्रात लिहिलंही नसतं, सूर्योदयाच्या चित्रावर कुणाही मोठ्या माणसाचं नाव चिकटवून वाक्यं फिरवण्याची सवय आता सगळ्यांनाच लागली आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. खऱ्या गीतेत उपदेश कधी सुरू होतो, ते एकदा पाहा.

पहिल्या अध्यायात कृष्ण जवळजवळ काहीच बोलत नाही. रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये नेऊन उभा करतो आणि जमलेले कुरू पाहा म्हणतो, एवढंच. पुढे अर्जुनच बोलतो. हातापायांना कंप सुटला, तोंडाला कोरड पडली, गांडीव हातातून गळतंय, हे सगळं तो सांगतो आणि समोरचा ते ऐकतो. या अध्यायाला नावच अर्जुनविषादयोग आहे. एका माणसाच्या खचण्याला अख्खा अध्याय दिलाय, काका! दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला कृष्ण त्याला दोन श्लोकांत खडसावतो, हा दुबळेपणा सोड आणि ऊठ म्हणतो. त्याचा उपयोग होत नाही. अर्जुन वाद घालत राहतो. मग सातव्या श्लोकात तो स्वतः म्हणतो, 'शिष्यस्तेऽहं शाधि मां', मी तुझा शिष्य आहे, मला सांग. नवव्या श्लोकात 'लढणार नाही' म्हणून गप्प होतो. आणि अकराव्या श्लोकापासून शिकवण सुरू होते. ज्या 'कर्मण्येवाधिकारस्ते'चा आपण येताजाता दाखला देतो, तो तर थेट सत्तेचाळिसावा श्लोक.

तुमच्या मुलाचा पहिला अध्याय अजून कुणी ऐकलेला नाही. नोकरी गेली त्याच संध्याकाळी त्याच्या हातात सार पडलं.

आता वाळूचे कण. ही ओळ तुम्ही फळ्यावर किती वेळा लिहिली असेल! पण ती ज्या श्लोकातली आहे तो पूर्ण आठवा. भर्तृहरीच्या नीतिशतकाचा वामन पंडितांनी केलेला तो मराठी अनुवाद आहे. वाळू रगडून तेल निघेल, मृगजळ पिऊन तहानलेल्याची तहान भागेल, रानात हिंडता हिंडता सशाचं शिंगही सापडेल, पण हट्टाला पेटलेल्या मूर्खाचं मन काही वळवता येणार नाही, असा त्याचा अर्थ. म्हणजे वाळूतून तेल काढणं हे कवीने अशक्य गोष्टीचं उदाहरण म्हणून घेतलंय. पहिली ओळ सुटून वेगळी झाली आणि प्रयत्नवादाची घोषणा म्हणून शाळाशाळांच्या भिंतींवर गेली. शाळकरी मुलाला ती उमेद देते, हे खरंच. पण चार महिने नोकरी शोधणाऱ्या आणि नुकताच नकार पचवत असलेल्या माणसाला ती काय सांगते? वाळूतूनही तेल निघतं, तुझ्यातून निघालं नाही म्हणजे तू पुरेसं रगडलं नाहीस. तुमच्या मनात असं काही नव्हतं, हे मला दिसतंय. ऐकणाऱ्याला मात्र तेच ऐकू गेलं.

एक गोष्ट आपण फार लवकर विसरतो. आपल्या म्हणी जोडीजोडीने आणि एकमेकींच्या विरोधात उभ्या आहेत. 'शुभस्य शीघ्रम्' म्हणणारं घरच 'उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग' असंही म्हणतं. 'पाचामुखी परमेश्वर' आणि 'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' या दोन्ही एकाच आजीच्या तोंडी असायच्या, आणि तिला त्यात काही विसंगत वाटायचं नाही. समोर कोण बसलंय, त्याच्यावर काय गुदरलंय, हे पाहून ती दोन्हींतली एक काढायची. शहाणपण होतं ते त्या निवडीत. फळ्यावर सुविचार लिहिताना ही निवड करावी लागत नाही, कारण समोर सातशे मुलं असतात आणि वाक्य कुणा एकासाठी नसतं. घरात माणूस एकच असतो. तुमच्याकडून सवयीने झालं ते इतकंच, की फळ्यावरची रीत तुम्ही जेवणाच्या टेबलावर आणलीत.

मग मोठ्यांची वचनं आपल्याला इतकी आतून का भिडतात? तुम्हाला देहूचं उदाहरण देते, पुण्यापासून हाकेच्या अंतरावरचं. 'मन करा रे प्रसन्न, सर्व सिद्धीचे कारण' हे तुकोबांचं वचन आपण सगळे म्हणतो. कागदावर ते साधं वाक्य आहे, आजच्या कुणी सकाळी सकाळी पाठवलं तर वाचून पुढे सरकावं असं. त्याला वजन येतं ते तुकोबांनी दुसरीकडे सांगितलेल्या स्वतःच्या हकिकतीमुळे. १६३० च्या सुमारास दख्खनेत भयंकर दुष्काळ पडला होता. तुकोबा म्हणतात, 'दुष्काळें आटिलें द्रव्य नेला मान, स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली.' आणि लगेच पुढे, 'लज्जा वाटे जीवा त्रासलों या दुःखें, वेवसाय देखें तुटी येतां.' धंदा बुडत असल्याचं पाहून जिवाला लाज वाटली, असं एवढा मोठा माणूस स्वतःच्या तोंडाने सांगतोय. पैसा गेला, मान गेला, घरचं माणूस उपाशी गेलं, आणि त्या सगळ्यात लाजही वाटली. प्रसन्न मनाची गोष्ट करणारा माणूस कुठून चालत आलाय, ते या दोन ओळींतून कळतं.

या अभंगाच्या आरंभी आणखी एक ओळ आहे, ती तर तुमच्यासाठीच असावी असं मला वाटलं. 'नये बोलों परि पाळिलें वचन, केलियाचा प्रश्न तुम्हीं संतीं.' खरं तर हे बोलू नये, पण तुम्ही संतांनी विचारलंत म्हणून सांगतो. विचारणारं कुणीतरी होतं म्हणून आपल्याला ही हकिकत मिळाली.

'लज्जा वाटे जीवा' हे शब्द तुमच्या मुलाच्या बाबतीत मनात ठेवा. त्रेचाळिसाव्या वर्षी नोकरी गेलेल्या माणसाला पैशाच्या काळजीइतकीच लाज खात असते. सोसायटीत कुणी 'आज घरून काम वाटतं?' असं विचारलं की काय उत्तर द्यायचं. मुलीने सहलीचे पैसे मागितले की चेहरा कसा ठेवायचा. सकाळी नऊला कंपनीची बस ज्या कोपऱ्यावर यायची तिथून जाताना कुठे बघायचं. आणि घरात वडील, ज्यांनी एकच नोकरी आयुष्यभर सचोटीने केली. तुमच्या सुविचारांसमोर तो स्वतःला विद्यार्थ्यांच्या रांगेत उभा असलेला पाहत असेल. म्हणून तो ग्रुपमधून उठून गेला, असं मला वाटतं.

आता पानशेत. पत्रात तुम्ही ते एका वाक्यात उरकलंत, पण मला सगळ्यात जास्त ऐकावंसं वाटलं ते त्याबद्दलच. १२ जुलै १९६१. पानशेतचं धरण सकाळी फुटलं, त्या पाण्याच्या लोंढ्याने खाली खडकवासल्याचं धरणही गेलं आणि मुठा नदीकाठच्या पेठांमध्ये शिरली. तुम्ही तेव्हा नऊ-दहा वर्षांचे असाल. माझी खात्री आहे की तुमच्या मुलाला 'आमचं घर पुरात गेलं होतं' एवढं ठाऊक आहे आणि त्यापलीकडे काहीच नाही. बहुतेक घरांत असंच असतं. मुलांना तारीख कळते, ती रात्र कळत नाही.

म्हणून तुम्हाला विचारते. घरातून निघताना आईने काय उचललं? पहिली रात्र कुठे काढलीत, कुणाच्या ओसरीवर, कुठल्या शाळेत? पाणी ओसरल्यावर चिखलातून काय हाती लागलं? तुमच्या वडिलांची कमाई किती दिवस बंद होती? गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत गेलात की कुणा नातलगाकडे? मदतीचं धान्य घ्यायला रांगेत उभं राहताना वडिलांचा चेहरा कसा होता, तो तुम्ही पाहिला होता का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या दिवसांत त्यांना कुणी 'होतं ते बऱ्यासाठीच' असं म्हटलं होतं का? म्हटलं असेल तर त्यांनी काय केलं? कुणाच्या कुठल्या वागण्याने त्यांना खरा धीर आला?

ही उत्तरं तुमच्यापाशी आहेत आणि जगात दुसऱ्या कुणापाशीही नाहीत. तुम्ही ज्या सुविचारांवर आयुष्य काढलंत ते त्या चिखलातून पुढे आल्यावर तुम्हाला पटले. म्हणजे तुमच्यासाठी सुविचार ही एका मोठ्या गोष्टीची शेवटची ओळ आहे. मुलाला तुम्ही शेवटची ओळ तेवढी देत आलात. गोष्ट द्या. शेवटची ओळ काय लिहायची ते तो ठरवेल, आणि ती तुमच्यापेक्षा वेगळी निघाली तरी चालेल.

मात्र हे लगेच उद्या सांगायला बसू नका. क्रम महत्त्वाचा आहे. आधी त्याचं ऐकायचं. तो बोलत नाही म्हणालात, तर सुरुवात तुमच्याकडून. सून आणि नात घरात नसताना, किंवा दोघं मिळून भाजी आणायला निघालात तर वाटेत. समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी चालताना पुरुषमाणसं जास्त बोलतात, हे मी अनेक पत्रांतून वाचलंय. साधारण असं म्हणा: "त्या दिवशी तुला काय झालं ते न विचारताच मी तुला सुविचार पाठवला. मला विचारायला हवं होतं. आता विचारतो. त्या दिवशी ऑफिसात नेमकं काय झालं?" एवढंच, आणि मग थांबा. तो म्हणेल, 'जाऊ द्या बाबा.' तरी रागावू नका, लगेच काही समजवायलाही जाऊ नका. 'बरं, पण मला ऐकायचंय,' म्हणा आणि भाजी घेऊन घरी या. दोन-चार दिवसांनी पुन्हा विचारा. तो बोलायला लागला की मध्ये 'अरे पण' येऊ देऊ नका. शिक्षकाला हे अवघड जातं, मला कल्पना आहे, उत्तर चुकत असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करायचा हात शिवशिवतो. त्याच्या दुःखात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. तो कंपनीला शिव्या देईल, स्वतःला देईल, कदाचित तुम्हालाही दोन शब्द लागेल असे बोलेल. ऐका. पानशेतची पाळी त्याच्या नंतर, आणि तीही 'आमच्या वेळी तर याहून वाईट होतं' अशा सुरात अजिबात नको. त्या सुरात सांगितलेली कुठलीही हकिकत मोजमाप होते आणि त्यात ऐकणारा हरतो. तुमचे वडील कसे खचले होते, तेवढंच सांगा. ते कसे उभे राहिले हे त्याने विचारलं तर सांगा.

दुसरं, पैशाचं. पत्रात तुम्ही हप्त्याचा उल्लेख केलात आणि पुढे गेलात. इथे मला आगरकरांची आठवण होते. १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' सुरू केला तेव्हाची त्यांची प्रतिज्ञा तुम्ही वर्गात शिकवली असेलच: इष्ट असेल ते बोलणार आणि साध्य असेल ते करणार. याच पुण्यात लोकांनी त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली, तरी हा माणूस लिहायचा थांबला नाही, म्हणून हे वाक्य आजही खणखणीत वाजतं. त्यातला दुसरा अर्धा भाग आपल्याकडे नेहमी मागे पडतो. साध्य असेल ते करणार. तुमच्या पेन्शनमध्ये तुम्हाला काय साध्य आहे? नातीची सहामाही फी? घराचा किराणा? हप्त्याचा काही भाग? बेरीज करून ठेवा आणि एकदा स्पष्ट विचारा, "हप्त्याचं कसं करतोयस? पुढचे तीन महिने किराणा आणि विजेचं बिल माझ्याकडे राहू दे." सुनेच्या हातात गुपचूप पैसे ठेवू नका, ते त्याला कळलं तर जास्त लागेल. उपकाराची भाषा नको, वाटणीची हवी. घर सगळ्यांचं आहे, खर्च वाटून घेऊ. तो नाही म्हणाला तर एका महिन्याने पुन्हा विचारा.

हे सगळं करताना त्याच्यावर नीट लक्ष ठेवा. झोप पार उडाली असेल, जेवण तुटलं असेल, दिवसचे दिवस खोलीतून बाहेर येत नसेल, किंवा 'माझा काय उपयोग' असं काही तोंडून निघत असेल, तर सुविचार, गोष्ट, माझा सल्ला, सगळं बाजूला ठेवून त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या नंबरवर आहे, फोनवर मराठीत बोलता येतं. तो करणार नसेल तर तुम्ही करून विचारा, घरच्यांनीही फोन केलेला चालतो.

घरच्या ग्रुपवर तुमचा नेम चालू ठेवायचा का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेल. काही दिवस थांबवा. रुसून नव्हे. 'काही दिवस सुविचार बंद, त्याऐवजी जुन्या पुण्याच्या आठवणी लिहीन' असं सांगूनच थांबवा, नाहीतर तुमच्या गप्प बसण्याचाही मुलाला बोल लागेल. आणि आठवणी खरोखर लिहा. वाड्यातला नळ, पुरानंतर पाण्यासाठी झालेले हाल, तुमच्या पहिल्या पगाराचं काय केलंत. तुमच्याकडे भाषा आहे, ती रोज दुसऱ्यांच्या वाक्यांवर का खर्च करायची?

राहिली नात. तिला नाही म्हणू नका. चौदा वर्षांची मुलगी आजोबांकडे सुविचार मागायला येते, हे भाग्य टाकून देण्यासारखं नाही. फक्त आता ओळ सांगून तिला पाठवून देऊ नका. पुढच्या वेळी तिला वाळूच्या कणांचा पूर्ण श्लोक वाचून दाखवा, अर्थ लावायला तिलाच सांगा आणि फळ्यावर त्यातली कुठली ओळ लिहायची तेही तिलाच ठरवू द्या. वाक्याखाली कुणाचं नाव टाकायचं असेल तर ते वाक्य खरंच त्या माणसाचं आहे का, हे दोघांनी मिळून पुस्तकात पाहा. घरी पुस्तक नसेल तर एखाद्या शनिवारी तिला अप्पा बळवंत चौकात घेऊन जा. मुलालाही विचारा येतोस का म्हणून. बहुतेक पहिल्यांदा तो नाहीच म्हणेल.